बाजरीच्या दाण्यातले लोह

दख्खनच्या पठारावरील काळी आणि मुरमाड जमीन ज्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली, त्या खडकात लोह विपुल आहे. त्यामुळे येथील किलोभर मातीतल्या लोहाचे मोजमाप मिलिग्रॅममध्ये नव्हे, तर ग्रॅममध्ये करावे लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात मात्र सगळे मिळून तीन-चार ग्रॅमच लोह असते. असे असूनही याच जमिनीत पिकलेले धान्य दोन वेळा पोटभर खाणाऱ्या घरांत बायकामुलांचे रक्त कमी भरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती, आणि महाराष्ट्रातील चित्र यापेक्षा फारसे निराळे नव्हते. रक्तक्षयाला जंत, बी-१२ आणि फॉलिक आम्लाची उणीव, सिकलसेलसारखे आनुवंशिक विकार अशी इतरही कारणे असतात. तरी लोहाची कमतरता हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे, याविषयी दुमत नाही.

पायाखालच्या मातीत असलेले लोह अंगात का उतरत नाही, या कोड्याची उकल करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. लोह मातीत असणे, ते दाण्यात साठणे आणि दाण्यातून रक्तात शोषले जाणे या तीन स्वतंत्र प्रक्रिया असून प्रत्येक प्रक्रियेत त्याची मोठी गळती होते. ही गळती पिकाच्या आनुवंशिक गुणांत सुधारणा करून कमी करणे, म्हणजेच जे धान्य लोक रोज खातात त्याच धान्याच्या दाण्यात लोह, जस्त किंवा जीवनसत्त्वे अधिक प्रमाणात साठतील असे वाण तयार करणे, याला बायोफोर्टिफिकेशन म्हणतात, आणि अशा वाणांना कृषिशास्त्रात जैवसंपृक्त वाण असे नाव आहे. भारतात या पद्धतीने अधिकृतपणे प्रसारित होऊन शेतकऱ्यांच्या शेतात पोहोचलेले पहिले खनिजसमृद्ध पीक म्हणजे बाजरी, आणि तिचे ‘धनशक्ती’ हे वाण २०१२ साली प्रथम प्रसारित झाले ते महाराष्ट्रातच.

मातीतून मुळात

मातीतील बहुतेक लोह ऑक्साइडच्या, म्हणजे गंजासारख्या संयुगांच्या रूपात असते आणि ही संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. मातीचा सामू, म्हणजे तिची आम्लता किंवा विम्लता दाखवणारा अंक, एका एककाने वाढला की लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते. त्यामुळे चुनखडीच्या, विम्ल जमिनीत लोह भरपूर असूनही पिकाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, आणि ऊस, भुईमूग किंवा सोयाबीनच्या शेतात हे दृश्य अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. वनस्पतीला लोह हवे असते ते विरघळलेल्या स्वरूपात, आणि जमीन ते धरून ठेवते न विरघळणाऱ्या स्वरूपात.

गवताच्या कुळातील पिकांनी, म्हणजे बाजरी, ज्वारी, गहू, भात, मका यांनी, या अडचणीवर स्वतःचा मार्ग काढलेला आहे. लोहाची टंचाई जाणवली की त्यांची मुळे फायटोसिडेरोफोर नावाची संयुगे सभोवतालच्या मातीत सोडतात. विहिरीच्या तळाशी गेलेली कळशी वर काढण्यासाठी दोराला बांधून गळ सोडावा आणि कळशी त्यात अडकली की तो ओढून घ्यावा, त्याप्रमाणे ही संयुगे मातीतील लोहाच्या कणाला धरतात, आणि मूळ त्या दोघांनाही एकत्रच आत ओढून घेते. आत आलेले लोह मोकळे सोडणे पेशींना घातक असते, कारण मोकळे लोह पेशींची हानी करणारी रासायनिक द्रव्ये निर्माण करते. म्हणून ते सायट्रेट, निकोशियानामाइन अशा संयुगांच्या सोबतीने खोडातून पानांपर्यंत आणि कणीस भरू लागले की पानांतून दाण्यापर्यंत नेले जाते.

कोणते झाड मुळातून किती लोह उचलते, त्यातील किती पानांत ठेवते आणि किती दाण्याकडे पाठवते, हे अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने ठरते. एकाच शेतात, एकाच मातीत आणि एकाच पावसावर वाढलेल्या दोन वाणांच्या दाण्यांत लोहाचे प्रमाण दुपटीहून अधिक फरकाने वेगळे निघू शकते ते याच कारणाने, आणि बायोफोर्टिफिकेशनची सारी शक्यता या नैसर्गिक फरकात आहे. असा फरक मुळातच नसेल तर दुसऱ्या सजीवाचे जनुक आणून बसवावे लागते. भाताचे झाड पानांत बीटा-कॅरोटीन बनवते, पण तांदळाच्या दाण्याच्या पांढऱ्या भागात ते बनवत नाही. म्हणून इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांनी २००० साली जगासमोर मांडलेल्या ‘गोल्डन राइस’मध्ये बाहेरची जनुके घालावी लागली, आणि त्यातून सुरू झालेला जनुकबदलाचा वाद अजून मिटलेला नाही. बाजरीला त्या वाटेने जावे लागले नाही. तिच्या स्वतःच्याच जातींत लोहाची पुरेशी विविधता होती, आणि ‘धनशक्ती’ हे पूर्णपणे पारंपरिक निवड पद्धतीने तयार झालेले वाण आहे.

टोगोची बाजरी महाराष्ट्रात

पश्चिम आफ्रिकेतील टोगो, घाना आणि बेनिन या देशांच्या पट्ट्यात ‘इनियारी’ नावाने ओळखली जाणारी बाजरी पिढ्यान्‌पिढ्या पिकवली जाते. तिचा दाणा टपोरा असतो आणि ती लवकर पिकते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने, म्हणजे ‘इक्रिसॅट’ने, उत्तर टोगोतील या बाजरीतून निवड करून ‘आयसीटीपी ८२०३’ हे वाण तयार केले आणि १९८८ साली ते महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाले. टपोऱ्या दाण्यामुळे आणि कमी दिवसांत हाती येणाऱ्या पिकामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी ते आपलेसे केले. त्या काळी दाण्यातील लोहाचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. पुढे लोहाच्या दृष्टीने बाजरीच्या शेकडो जाती तपासल्या गेल्या, तेव्हा अधिक लोह असलेल्या जातींपैकी बहुतेकांचा वंश या इनियारी बाजरीपर्यंत पोहोचतो, असे आढळून आले. दाण्याच्या आकारासाठी आणि लवकर पिकण्यासाठी केलेल्या निवडीबरोबर लोह आपोआप चालत आले होते, ही या विषयाच्या इतिहासातील मोठी भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे.

‘आयसीटीपी ८२०३’ हे परपरागीभवनाने टिकणारे, म्हणजे सरळ वाण असल्यामुळे त्याच्या शेतातील प्रत्येक झाड दुसऱ्यापेक्षा थोडे निराळे असते. संशोधकांनी या वाणातील निरनिराळ्या झाडांची संतती वेगवेगळी वाढवली, प्रत्येकीच्या दाण्यातील लोह मोजले, आणि लोहही अधिक व उत्पन्नही चांगले अशा निवडक संततींचा आपसात संकर घडवून त्यातून नवे वाण सिद्ध केले. तेच ‘धनशक्ती’ होय. मूळ वाणापेक्षा त्यात लोह सुमारे नऊ टक्के आणि धान्याचे उत्पन्न सुमारे अकरा टक्के जास्त भरले. एक किलो दाण्यात सरासरी ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असे त्याचे प्रमाण आहे, तर बाजारातील सर्वसाधारण संकरित बाजरीत लोह सरासरी ४२ मिलिग्रॅमच्या आसपास असते.

हे मोजमाप दिसते तितके सोपे नाही. बाजरीचा दाणा लहान, आणि त्यातील लोह दशलक्षांशांत मोजायचे. खळ्यावरची धूळ लोहाने भरलेली असल्यामुळे चिमूटभर धूळ जरी नमुन्यात मिसळली तरी वाण आहे त्यापेक्षा कितीतरी समृद्ध भासते, आणि अशा चुकीच्या झाडाची निवड झाली तर पुढील कित्येक हंगामांचे श्रम वाया जातात. म्हणून कणसे कापताना, मळताना आणि दाणे साठवताना माती व लोखंडी अवजारे यांचा स्पर्श टाळावा लागतो, आणि प्रयोगशाळेत लोहाबरोबर ॲल्युमिनियमही मोजले जाते. दाण्यात ॲल्युमिनियम जवळजवळ नसते, पण मातीत ते भरपूर असते. त्यामुळे नमुन्यात ॲल्युमिनियम सापडले की त्यातील लोहही धुळीचे असल्याचा संशय घेऊन तो नमुना बाजूला ठेवतात. अलीकडे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाणे न दळता, न विरघळवता लोह आणि जस्त मोजणारी यंत्रे आल्यामुळे कमी खर्चात हजारो नमुने चाळून पाहणे शक्य झाले आहे.

संकरित वाण तयार करताना आणखी एक अडचण येते. उत्पन्नाच्या बाबतीत दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून निघालेली पहिली पिढी दोन्ही जनकांपेक्षा सरस ठरते, आणि या संकरजोमावरच संकरित बियाण्याचा सारा व्यवसाय उभा आहे. लोहाला मात्र असा जोम लाभत नाही. संततीतील लोह साधारणपणे दोन जनकांच्या मधोमध कोठेतरी राहते. त्यामुळे लोहसमृद्ध संकरित बाजरी हवी असेल तर नर आणि मादी असे दोन्ही वाण आधी लोहसमृद्ध करावे लागतात, म्हणजे काम दुप्पट होते. सुदैवाने दाण्यातील लोह आणि जस्त बहुधा एकत्रच वाढतात, त्यामुळे एकाची निवड करताना दुसऱ्याचाही लाभ होतो. या मार्गाने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘एएचबी १२००’ आणि ‘एएचबी १२६९’ हे, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धुळे येथील केंद्रातून ‘फुले महाशक्ती’ हे संकरित वाण दिले. त्यांत किलोमागे अनुक्रमे सुमारे ७३, ९१ आणि ८७ मिलिग्रॅम लोह असल्याची नोंद आहे, मात्र जमीन आणि हंगाम यांनुसार हे आकडे खालीवर होतात.

गिरणीपर्यंतचा प्रवास आणि बियाण्याचे महत्त्व

मिठात आयोडीन किंवा रेशनच्या तांदळात लोहयुक्त दाणे मिसळले जातात, तसे बाजरीच्या पिठात लोह का मिसळू नये, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर बाजरीच्या स्वभावात आहे. बाजरीच्या दाण्यात सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो, आणि दाणा दळला की त्यातील लायपेज नावाचे विकर या स्निग्धांशाचे विघटन करू लागते. त्यामुळे बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडवट होते आणि त्याला खवट वास येतो. म्हणूनच ज्या घरांत बाजरी रोज खाल्ली जाते तेथे दळण थोडे थोडे आणि वरचेवर गावातल्या गिरणीतून आणले जाते. बाहेरून लोह मिसळायचे तर ते सर्वांचे पीठ जेथून जाते अशा मोठ्या कारखान्यात मिसळावे लागते, आणि असा कारखाना घरच्या शेतातून घरच्या कणगीत व तेथून चुलीपर्यंत जाणाऱ्या धान्याच्या वाटेवर येतच नाही. या वाटेवर फक्त बियाणे हेच असे स्थान आहे की जेथे एकदा बदल केला की तो पुढच्या प्रत्येक भाकरीत उतरतो.

बाजरी निवडण्यामागे दुसरेही तितकेच भक्कम कारण आहे. धान्यातील लोह मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या थरांत आणि अंकुरात असते. तांदूळ सडताना आणि मैदा काढताना हाच भाग कोंड्याबरोबर निघून जातो, त्यामुळे शेतात मोठ्या परिश्रमाने वाढवलेले लोह गिरणीत हरवते. बाजरीची भाकरी मात्र अख्ख्या दाण्याच्या पिठाची असल्यामुळे दाण्यात जेवढे लोह असते तेवढे जवळजवळ सगळे ताटात पोहोचते.

चौकट : दोन वेळच्या भाकरीचा हिशेब

एका स्त्रीच्या दोन वेळच्या भाकऱ्यांना मिळून २०० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर किलोमागे ४२ मिलिग्रॅम लोह असलेल्या साध्या बाजरीतून तिला ८.४ मिलिग्रॅम आणि ‘धनशक्ती’तून १४.२ मिलिग्रॅम लोह मिळते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. हा आकडा ठरवताना आहारातील लोहापैकी केवळ आठ टक्के रक्तात शोषले जाते असे गृहीत धरलेले आहे. म्हणजे साध्या भाकरीतून गरजेच्या तीस टक्क्यांहून किंचित कमी, तर लोहसमृद्ध भाकरीतून जवळजवळ निम्मे लोह मिळते, आणि उरलेल्या निम्म्यासाठी पालेभाजी, कडधान्ये, मांस-मासे यांची गरज राहतेच.

आतड्यातील अडसर

शंभर भाग लोह खाल्ले तर आठच भाग रक्तात का जातात, याचे मुख्य कारण फायटिक आम्ल हे आहे. बीज रुजताना कोवळ्या रोपाला फॉस्फरस लागतो, आणि त्याचा साठा वनस्पती फायटिक आम्लाच्या रूपाने दाण्यात करून ठेवते. हे आम्ल लोह आणि जस्त यांना आतड्यात घट्ट बांधून ठेवते व त्यांचे शोषण होऊ देत नाही. बाजरीतील पॉलिफेनॉल नावाची संयुगे या अडथळ्यात भर घालतात. फायटिक आम्लच नसलेले वाण काढावे, हा उपाय वरकरणी सोपा वाटतो. परंतु फायटिक आम्ल फार घटवलेल्या पिकांत उगवण आणि उत्पन्न यांवर वाईट परिणाम झाल्याचे अनुभव आहेत, कारण ते माणसाला गैरसोयीचे असले तरी रोपाला आवश्यक असते. म्हणून लोह वाढवणे आणि ताटातील इतर पदार्थांनी शोषणाला हातभार लावणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. भाकरीबरोबर लिंबू, आवळा, पेरू किंवा कोबीची कोशिंबीर असली तर त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर त्यातील टॅनिन नेमके उलटे काम करते. धान्य भिजवल्याने, मोड आणल्याने किंवा आंबवल्याने फायटिक आम्लाचे विघटन होते, त्यामुळे मोड आणून वाळवलेल्या बाजरीचे पीठ लहान मुलांच्या खिरीसाठी अधिक उपयुक्त ठरते.

शरीराची स्वतःची व्यवस्थाही येथे विचारात घ्यावी लागते. लोहाचा साठा पुरेसा असला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि आतड्यातून लोह आत येणे मंदावते. साठा रिता असला की हेप्सिडिन घटते आणि शोषण वाढते. त्यामुळे त्याच भाकरीतून लोहाची उणीव असलेली मुलगी उणीव नसलेल्या मुलीपेक्षा अधिक लोह मिळवते, आणि म्हणूनच जैवसंपृक्त धान्याचा लाभ ज्यांना त्याची गरज आहे त्यांनाच सर्वाधिक होतो.

प्रत्यक्ष पुरावा

दाण्यात लोह वाढले एवढ्यावर समाधान मानणे शास्त्राला मान्य नाही. ते रक्तात वाढले की नाही, हे पाहावे लागते. महाराष्ट्रात निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींवर असा प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशा निष्पक्ष पद्धतीने मुलांची विभागणी करून एका गटाला ‘धनशक्ती’ची आणि दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकरी दिवसातून दोनदा सहा महिने देण्यात आली. चार महिन्यांतच पहिल्या गटातील मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा लक्षणीय वाढला, आणि सुरुवातीला ज्यांच्यात लोहाची कमतरता होती अशा मुलांपैकी सहा महिन्यांनी ती भरून निघण्याची शक्यता या गटात १.६४ पट अधिक आढळली. याच प्रयोगातील मुलांच्या पुढील तपासणीत अवधान आणि स्मरणशक्ती यांतही सुधारणा दिसली. लोह मेंदूच्या कामालाही लागते, हे लक्षात घेता शाळकरी वयातील या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे.

मात्र हा पुरावा सर्वत्र सारखाच लागू करता येत नाही. मुंबईतील झोपडवस्त्यांत दीड वर्षाच्या आतील बालकांना लोह व जस्त समृद्ध बाजरीचे पदार्थ देऊन केलेल्या प्रयोगात एकूण गटाच्या लोहाच्या पातळीत तसा ठळक फरक दिसला नाही. लहान बालक खाते थोडे, वारंवार आजारी पडते, आणि त्याच्या वाढीला लागणारे लोह त्याच्या पोटाच्या मानाने फार असते. अशा वयात केवळ धान्यावर भिस्त ठेवता येत नाही. बेनिनमधील तरुण स्त्रियांवरील अभ्यासही बोलका आहे. साध्या बाजरीच्या तुलनेत जैवसंपृक्त बाजरीतून दुप्पट लोह शोषले गेले, परंतु पिठात बाहेरून लोह मिसळलेल्या बाजरीतून त्याहूनही अधिक शोषले गेले. म्हणून गरोदर स्त्रीला दिली जाणारी लोहाची गोळी, बालकाचा पूरक आहार, डाळ आणि पालेभाजी यांपैकी कशाचीही जागा ही भाकरी घेऊ शकत नाही, आणि तिच्या नावाखाली यांतील एखादा खर्च वाचवण्याचा विचार कोणी केला तर तो मुलांवर अन्याय होईल.

न दिसणारा गुण

व्हिटॅमिन ‘ए’ने समृद्ध रताळे आतून केशरी असते, म्हणून ते ओळखता येते आणि त्याचा प्रसार करता येतो, पण लोहाने दाण्याचा रंग, चव किंवा वास यांपैकी काहीच बदलत नाही. एका अर्थी हे चांगलेच आहे, कारण भाकरी नेहमीसारखीच लागते आणि कोणाला सवय मोडावी लागत नाही. पण बाजार समितीत धान्याची ढेरी पाहून भाव ठरतो, तेथे ७१ मिलिग्रॅम आणि ४२ मिलिग्रॅम यांत व्यापाऱ्याला फरक दिसत नाही, आणि लोहासाठी शेतकऱ्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. याचा अर्थ असा की जैवसंपृक्त वाणाला उत्पन्न, चारा, लवकर येणे आणि गोसावी रोगाला दाद न देणे या नेहमीच्याच कसोट्यांवर प्रचलित वाणांच्या बरोबरीने उतरावे लागते. लोह अधिक आहे म्हणून शेतकऱ्याने पदरमोड करावी, अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित बाजरी सुधार प्रकल्पाने २०१८ साली या अडचणीवर एक मूलगामी उपाय योजला. बाजरीचे कोणतेही नवे वाण प्रसारित होण्यासाठी त्याच्या दाण्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, असा दंडक तेव्हापासून आहे. उत्पन्न किंवा रोगप्रतिकारशक्ती यांच्याबरोबरीने पोषणमूल्यही वाणाच्या मान्यतेची अट ठरल्यामुळे शेतकऱ्याने वेगळी निवड करण्याची किंवा ग्राहकाने पिशवीवरची चिठ्ठी वाचण्याची गरज उरत नाही. या दंडकाची कक्षा मात्र समन्वित प्रकल्पातून जाणाऱ्या वाणांपुरती आहे. बाजरीच्या बियाण्याच्या बाजारात खासगी संकरित वाणांचा मोठा वाटा असून अधिसूचित नसलेले वाणही कंपनीच्या स्वतःच्या हमीवर, सत्यप्रत बियाणे म्हणून कायदेशीरपणे विकता येते. शासनाच्या अनुदानातून वाटल्या जाणाऱ्या बियाण्याच्या खरेदीत हीच किमान पातळी सक्तीची केली, आणि आश्रमशाळा व शालेय पोषण आहार यांसाठी घेतल्या जाणाऱ्या बाजरीची लोहतपासणी क्ष-किरण यंत्रावर करून त्यानुसार शेतकऱ्याला दर वाढवून दिला, तर ढेरीत न दिसणाऱ्या या गुणाला प्रथमच भाव मिळेल, आणि खासगी कंपन्यांनाही आपल्या नर-मादी वाणांत लोह वाढवण्याचे व्यावसायिक कारण मिळेल.